निवृत्त कामगारांची संघटना: पुणे-पिंपरीतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोळीबार मैदानाजवळच्या पीएफच्या फंड ऑफिसात, आकुर्डीच्या कार्यालयात, बँकेच्या रांगेत आणि आमच्या वस्ती-बैठकांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. नवीन सभासदांनी आणि ज्यांना आपल्या भागात असं काम उभं करायचं आहे त्यांनी ती सवडीने वाचावीत.

कंपनीत युनियन होती. मग निवृत्तांची वेगळी संघटना कशासाठी?

निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि हार मिळतो, आणि पुढच्या महिन्यापासून पगारातून कापली जाणारी युनियनची वर्गणी थांबते. वेतन करार होतो तो हजेरीपटावर नाव असलेल्यांचा. युनियनचे पदाधिकारी कितीही जिव्हाळ्याचे असले तरी करारात निवृत्तांसाठी मागता येईल असं फारसं काही नसतं. शिवाय आपलं भांडण आता कंपनीशी उरलेलंच नसतं. खासगी कारखान्यातल्या कामगाराची पेन्शन दिल्लीत ठरते आणि फंड ऑफिसातून मिळते. ती वाढवायची तर केंद्र सरकार, खासदार आणि न्यायालय हीच दारं ठोठवावी लागतात, आणि कुठल्याही एका कारखान्याच्या युनियनला ते एकटीने जमणारं नाही.

दुसरं कारण जास्त जिव्हारी लागणारं आहे. पुणे, पिंपरी-चिंचवडमध्ये कितीतरी कारखाने बंद झाले आणि त्यांच्या जागी मॉल आणि गृहसंकुलं आली. तिथल्या कामगाराला युनियनही उरली नाही आणि जिथे उभं राहून घोषणा द्यायची ते गेटही उरलं नाही. त्याने कोणाकडे जायचं?

संघटना सुरू कशी झाली?

कागदपत्रांतून. मोर्चा, ठराव, झेंडा हे सगळं नंतर आलं.

हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली पिंपरीत उभा राहिला आणि साठच्या दशकात एमआयडीसी आल्यावर खडकीपासून निगडीपर्यंतचा रस्ता कारखान्यांनी भरून गेला. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, साताऱ्याकडची, मराठवाड्यातली तरुण मुलं सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत इथे लागली. ही सगळी पिढी साधारण एकाच काळात अठ्ठावन्न वर्षांची झाली. प्रत्येकाला पेन्शनचा दहा-डी फॉर्म भरायचा होता आणि जवळजवळ प्रत्येकाच्या कागदात काहीतरी अडकलं होतं. फंडाच्या नोंदीत 'दत्तात्रय', आधारवर 'दत्तू'. गावच्या शाळेत मास्तरांनी जन्मतारीख सरसकट १ जून लावलेली, कंपनीत वेगळीच. कुणाची मधल्या दोन-तीन वर्षांची सर्व्हिस नोंदीतून गायब.

अशा वेळी उपयोगी पडली ती दोन प्रकारची माणसं. एक, युनियनच्या कमिटीत आयुष्य घालवलेले, साहेबासमोर बसून न कचरता बोलणारे जुने पदाधिकारी. दुसरे, टाइम ऑफिसात आणि पगार विभागात काम केलेले कारकून, ज्यांना कुठला कागद कुठल्या रजिस्टरवरून तयार होतो हे पाठ होतं. नोकरीत असताना ही दोन माणसं बहुधा टेबलाच्या दोन बाजूंना बसायची. निवृत्तीनंतर ती एका बाकावर बसली आणि तिथून आमचं काम सुरू झालं. एकाचं काम झालं की तो शेजारच्याला घेऊन यायचा. लोक इतके झाले की वार ठरवावा लागला, मग वही ठेवावी लागली, मग पावती पुस्तक छापावं लागलं.

सभासद कोण होऊ शकतो?

पीएफ कापला गेलेला कुठलाही निवृत्त कामगार. व्हीआरएस घेतलेला, बंद कंपनीतला, कंत्राटी, सहकारी संस्थेत किंवा साखर कारखान्यात काम केलेला, सगळे. निवृत्त कामगाराची पत्नी किंवा पती हयात असेल तर त्यांनाही स्वतःच्या नावाने, मताच्या अधिकारासह सभासद होता येतं. कुठल्या युनियनचे होता हे अर्जात विचारलेलं नाही.

माझी पेन्शन इतकी कमी का आली? पस्तीस वर्षं नोकरी केली!

हा प्रश्न विचारताना अनेकांचा आवाज चढतो, आणि तो चढायलाच हवा. हिशेब समजून घ्या.

'कर्मचारी पेन्शन योजना, १९९५' (ईपीएस-९५) ही १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. त्याआधी १९७१ ची कुटुंब पेन्शन योजना होती. नव्या योजनेत मालकाच्या पीएफच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात आणि केंद्र सरकार १.१६ टक्के घालतं. पण हे टक्के पूर्ण पगारावर नाहीत, कायद्याने ठरवलेल्या मर्यादेवर आहेत. मर्यादा आधी ₹५,००० होती, २००१ साली ₹६,५०० झाली आणि १ सप्टेंबर २०१४ पासून ₹१५,०००. तुमच्या जुन्या पगारपत्रकांवर आणि पीएफच्या उताऱ्यांवर ४१७, ५४१ आणि १,२५० हे आकडे दिसतील, ते याच हिशेबातून आलेले आहेत. पगार तीस हजार असला तरी पेन्शन फंडात गेले ते एवढेच.

पेन्शनचं सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवा, भागिले ७०. आता २०१३ साली निवृत्त झालेला कामगार घ्या. कंपनीत तो पस्तीस वर्षं होता, पण या सूत्रात सेवा मोजली जाते ती नोव्हेंबर १९९५ पासून, म्हणजे सुमारे अठरा वर्षं. ६,५०० गुणिले १८ भागिले ७० म्हणजे ₹१,६७१. त्यात १९९५ पूर्वीच्या सेवेची वेगळी, लहानशी रक्कम मिळते. पन्नाशीनंतर पण अठ्ठावन्नच्या आधी पेन्शन घेतली असेल तर लवकर घेतलेल्या प्रत्येक वर्षाला सध्याच्या नियमाने चार टक्के कपात, आणि ती कायमची.

या योजनेत महागाई भत्ता नाही. सरकारी पेन्शनर आणि आपण यांच्यातला सगळ्यात मोठा फरक हा आहे. २०१३ साली जो आकडा बँकेत जमा झाला तोच आजही होतो. डाळ, तेल, औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं वाढलं. सरकारने १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन ₹१,००० केली. त्यालाही दहा वर्षं उलटून गेली, तरी आकडा तोच राहिला. हजार रुपयांत ब्लडप्रेशर आणि साखरेच्या महिन्याभराच्या गोळ्याही अनेकांच्या भागत नाहीत. आम्ही ही संघटना चालवतो ती या एका गोष्टीसाठी. बाकी सगळी कामं तिच्या आसपासची आहेत.

पूर्ण पगारावर पेन्शन मिळणार होती, तिचं काय झालं?

सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१६ रोजी आर. सी. गुप्ता खटल्यात मर्यादेपेक्षा जास्त पगारावर पेन्शन निवडण्याचा कामगारांचा हक्क मान्य केला. त्यानंतर मोठा पेच होऊन ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सुनील कुमार खटल्यात तीन न्यायमूर्तींचा निकाल आला. जे १ सप्टेंबर २०१४ रोजी नोकरीत होते आणि नंतर निवृत्त झाले त्यांना मालकासोबत संयुक्त पर्याय देण्याची आणखी एक संधी मिळाली. जे त्या तारखेआधी पर्याय न देता निवृत्त झाले त्यांना दार बंद झालं. अर्जाची मुदत वाढत वाढत ११ जुलै २०२३ पर्यंत गेली.

त्या काही महिन्यांत आमच्याकडे जेवढी गर्दी झाली तेवढी आधी कधी झाली नव्हती. ऑनलाइन अर्ज, जुनी पगारपत्रकं, कंपनीची मान्यता, आणि फरकाची लाखांतली रक्कम परत भरायची की नाही हा घरोघरी चाललेला विचार. आमचं मत विचाराल तर सरसकट सल्ला कोणालाच देऊ नये. वय, तब्येत, पत्नीचं वय आणि भरायची रक्कम एका कागदावर मांडल्याशिवाय आम्ही कोणाला 'भरा' म्हटलं नाही. अर्ज फेटाळला गेला असेल तर पत्रातलं कारण नीट वाचा आणि पत्र घेऊन बैठकीला या. कागद कमी पडला म्हणून फेटाळलेला अर्ज आणि पात्रता नाही म्हणून फेटाळलेला अर्ज, दोन्हींचे मार्ग वेगळे आहेत.

मागणी नेमकी काय आहे?

देशभरातल्या ईपीएस-९५ पेन्शनरांची मुख्य मागणी किमान ₹७,५०० आणि त्यावर महागाई भत्ता, पती-पत्नीला मोफत औषधोपचार, अशी आहे. ती हवेतून आलेली नाही. भगतसिंह कोश्यारी अध्यक्ष असलेल्या राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ सालीच किमान ₹३,००० आणि महागाई भत्त्याची शिफारस केली होती. ती मानली असती तर आज निम्मं भांडण मिटलं असतं. पुढे बुलढाण्यात डिसेंबर २०१८ मध्ये साखळी उपोषण सुरू झालं आणि आंदोलनाचं केंद्र महाराष्ट्रात आलं.

आणखी एक धागा पुण्याचा आहे. डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीच्या कामातून, ज्यांचा पीएफच कधी कापला गेला नाही अशा कष्टकऱ्यांचा म्हातारपणाचा प्रश्न मांडला. अरुणा रॉय आणि इतरांसोबत त्यांनी पेन्शन परिषदेतून सर्व वृद्धांसाठी किमान वेतनाच्या निम्मी पेन्शन मागितली. आमच्या काही सभासदांना वाटतं की आपली मागणी वेगळी, आपण अंशदान भरलेलं आहे. ते खरं आहे. तरी आम्ही त्या मागणीला जाहीर पाठिंबा देतो. मार्केट यार्डात पोती वाहिलेल्या माणसाची पाठ आणि प्रेस शॉपमध्ये उभ्या राहिलेल्या माणसाचे गुडघे सारखेच झिजतात.

मी दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालो. माझा याच्याशी काय संबंध?

खडकी, देहूरोडच्या संरक्षण कारखान्यांतल्या जुन्या कामगारांना सरकारी पेन्शन आहे, त्यामुळे ईपीएसचे प्रश्न तुम्हाला लागू नाहीत. पण १७ डिसेंबर १९८२ च्या नाकारा खटल्याचा निकाल तुमचा आणि आमचा सामाईक आहे. पेन्शन ही मालकाच्या मर्जीने दिलेली बक्षिसी नसून केलेल्या सेवेचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तेव्हा स्पष्ट केलं. त्या पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड पुण्याचेच. दरवर्षी १७ डिसेंबरला पेन्शनर दिन पाळला जातो, त्या दिवशी या.

नोंदणी कशी केली? ट्रेड युनियन म्हणून की संस्था म्हणून?

संस्था म्हणून. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि महाराष्ट्राचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हींखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. किमान सात माणसं, उद्दिष्टं आणि नियमावली लागते. ट्रेड युनियनची नोंदणी प्रत्यक्ष कामावर असलेल्या कामगारांभोवती बांधलेली असते, म्हणून तो मार्ग आम्हाला सोयीचा वाटला नाही. मात्र एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात २००१ साली झालेल्या दुरुस्तीने स्पष्ट केलं की निवृत्त किंवा कामावरून कमी केलेल्या कामगाराला युनियनचा पदाधिकारी होण्यासाठी 'बाहेरचा' समजायचं नाही. म्हणजे निवृत्त माणूस युनियनच्या घरातलाच, हे कायद्यानेही मानलं होतं.

संस्था नोंदवली की काम संपत नाही. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, दरवर्षी हिशेबतपासणी करून घ्यावी लागते. चांगल्या चांगल्या संस्था याच दोन गोष्टींत अडकतात.

सभासद वाढले कसे?

सुरुवातीला कंपनीवार गट होते. त्यात अडचण अशी की माणसं एका कंपनीतली असली तरी राहायला कोणी यमुनानगरला, कोणी भोसरीला, कोणी हडपसरला, आणि कितीतरी जण गावी परतलेले. मोठ्या कंपनीचा गट भरायचा. भोसरीच्या लहान वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्याला मात्र त्यात कोणी ओळखत नसे. म्हणून आम्ही वस्तीवार बैठका सुरू केल्या. मंदिराच्या सभामंडपात, विरंगुळा केंद्रात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. सत्तरीच्या माणसाला चालत येता आलं पाहिजे, हा एकच नियम. संघटना खऱ्या अर्थाने वाढली ती त्यानंतर.

वाढीमागे दुसरी गोष्ट एकेका माणसाच्या कामाची आहे. भाषण ऐकून सभासद झालेला माणूस पुढच्या वर्षी वर्गणी भरत नाही, असा आमचा अनुभव. ज्याची अडकलेली पेन्शन सुरू झाली, तो दहा जणांना आणतो आणि धरण्यालाही येतो. एक उदाहरण सांगतो. २६ सप्टेंबर २००८ पूर्वी ज्यांनी पेन्शनचा एक तृतीयांश भाग विकून एकरकमी पैसे घेतले होते, त्यांची पूर्ण पेन्शन पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू करण्याची अधिसूचना २० फेब्रुवारी २०२० रोजी निघाली. अशा सर्वांची पंधरा वर्षं आता उलटून गेली आहेत. तरी पासबुक न पाहिलेली, कपात अजून चालू आहे का हेही ठाऊक नसलेली माणसं भेटतात. पासबुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) घेऊन बसायचं, आकडे जुळवायचे, अर्ज लिहायचा. यात गाजावाजा काही नाही, पण याच कामातून माणसं टिकली.

तरीही सभासदांना आम्ही हे स्पष्ट सांगतो: अर्ज लिहून तुमची हक्काची पेन्शन सुरू होईल, पण कायद्यातला आकडा एका रुपयानेही वाढणार नाही. त्याला रस्त्यावर यावं लागेल, खासदाराला भेटावं लागेल. नुसतं सेवा केंद्र व्हायचं नाही, असं आम्ही पहिल्याच सर्वसाधारण सभेत ठरवलं होतं.

बायकांचा सहभाग किती?

जितका हवा तितका अजून नाही. पण जे आहे त्याने संघटनेचा चेहरा बदलला.

पेन्शनर गेल्यावर पत्नीला त्याच्या पेन्शनची निम्मी रक्कम मिळते. वरच्या उदाहरणातल्या ₹१,६७१ चे निम्मे ₹८३५, म्हणून किमान पेन्शनचे ₹१,०००. त्यात एकटीने म्हातारपण काढायचं. आणि तेवढ्यासाठीही मृत्यूचा दाखला, पीपीओ, आधार, पासबुक गोळा करून फिरायचं. अनेक घरांत हे कागद कुठे ठेवलेत ते फक्त गेलेल्या नवऱ्यालाच माहीत असायचं. म्हणून आता प्रत्येक वस्ती-बैठकीला आम्ही जोडीने बोलावतो आणि वहिनींच्या हातात पीपीओची प्रत देतो. पेन्शनच्या कागदावर पत्नीचं नाव आणि फोटो बरोबर आहे ना, हे दोघं हयात असतानाच पाहून घ्यायचं.

आज अनेक वस्त्यांतलं काम महिलाच बघतात. ज्या बाईने स्वतःची पेन्शन सुरू करून घेतली, ती शेजारणीची अडचण आमच्यापेक्षा लवकर ओळखते.

हेही लक्षात ठेवा: नोकरीत असताना मृत्यू झाला तर पेन्शनसाठी दहा वर्षांची अट नाही. एका महिन्याचं अंशदान भरलेलं असलं तरी पत्नीला पेन्शन मिळू शकते आणि पंचविशीच्या आतल्या दोन मुलांनाही. शिवाय पीएफला जोडलेल्या विमा योजनेतून ₹७ लाखांपर्यंतची रक्कम. चाकणमधल्या कंत्राटी कामगारांच्या घरांत हे कोणी सांगितलेलंच नसतं.

तुम्ही लाल की भगवे?

आमच्यात आयटक, सिटू, भारतीय मजदूर संघ, इंटक आणि अंतर्गत युनियन, सगळीकडची माणसं आहेत. १९८९ साली टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) कामगारांनी शनिवारवाड्यावर उपोषण केलं, त्या वेळी एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना असलेली माणसंही आहेत. ते घाव लगेच भरत नाहीत आणि ते विसरा असंही आम्ही म्हणत नाही. पण ७० ने भागायचं सूत्र सगळ्यांना एकच लागू आहे. निवेदन सर्व पक्षांच्या खासदारांना देतो. संघटनेच्या नावाने निवडणुकीत कोणाचाही प्रचार होत नाही. पक्षाचा पदाधिकारी असलेल्याला कार्यकारिणीत पद मिळत नाही, सभासदत्व मिळतं.

परदेशात अशा संघटना आहेत का?

आहेत, आणि ताकदवान आहेत. अमेरिकेत १९६१ साली युनियनांच्या पाठबळावर ज्येष्ठांची राष्ट्रीय परिषद उभी राहिली. वृद्धांसाठीच्या 'मेडिकेअर' आरोग्य योजनेसाठी ती लढली आणि १९६५ मध्ये तो कायदा झाला. २००१ पासून तिची जागा निवृत्तांच्या नव्या महासंघाने घेतली. इटलीतल्या सर्वांत मोठ्या कामगार महासंघाचे जवळपास निम्मे सभासद निवृत्त आहेत, कारण तिथे निवृत्त झाल्यावर माणूस युनियनच्या निवृत्त विभागात जातो. आपल्याकडे तो घरी जातो.

वर्गणी किती? हिशेब कोण पाहतं?

वर्षाची वर्गणी सर्वसाधारण सभा ठरवते. किमान पेन्शनवर जगणाऱ्यांना ती माफ आहे. फरकाची रक्कम मिळाल्यावर कोणी टक्केवारी मागितली तर ती व्यक्ती आमची नाही, लगेच कळवा. खुशीने दिलेली देणगीही पावतीशिवाय घेतली जात नाही.

हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्येच द्यायचा का?

ईपीएस पेन्शनरांनी वर्षात कधीही द्यावा, दिल्यापासून एक वर्ष चालतो. बोटांचे ठसे उमटत नसतील तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. यंत्रावर काम केलेल्यांचे ठसे पुसट असतात, हे आम्हाला रोज दिसतं. घराबाहेर पडता येत नसेल तर पोस्टमन घरी येऊन करून देतो.

आजारपणाचं काय?

निवृत्त होताना ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) असाल आणि किमान पाच वर्षं विमाधारक राहिला असाल, तर वर्षाला अवघे ₹१२० भरून पती-पत्नी दोघांना उपचार मिळतात. बिबवेवाडीचं आणि चिंचवडला मोहननगरचं रुग्णालय त्यासाठी आहे. पण चांगला वेतन करार झालेल्या कंपन्यांतले बहुतेक कामगार पगारमर्यादा ओलांडून ईएसआयबाहेर गेले आणि निवृत्तीनंतर त्यांच्याकडे ना कंपनीचा मेडिक्लेम राहिला ना ईएसआय. सत्तरीच्या पुढच्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढावं, त्यात उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला ₹५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. सत्तरीच्या आतल्यांची पोकळी मोठी आहे, म्हणूनच मोफत उपचारांची मागणी पेन्शनवाढीइतकीच महत्त्वाची मानतो.

मुंबईच्या धरण्याला यायचं तर खर्च?

एसटीत पंचाहत्तरीच्या पुढे प्रवास मोफत, पासष्टपासून अर्धं तिकीट, महिलांना अर्धं तिकीट. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली, ती परत मिळवणं हीदेखील आपली मागणी आहे. औषधाची पिशवी, पाणी आणि घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी खिशात असल्याशिवाय आम्ही कोणाला गाडीत बसवत नाही.

मी अजून नोकरीत आहे. आत्ता काय करू?

तीन कामं. फंडाच्या नोंदीतलं नाव, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव आधारशी जुळवून घ्या. कंपनी चालू आहे तोवर हे सोपं असतं. कंपनी बदलताना पेन्शनचे पैसे दहा-सी फॉर्मवर काढू नका, सेवा पुढे जोडून घ्या किंवा सेवेची नोंद टिकवणारं स्कीम सर्टिफिकेट घ्या, नाहीतर पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षं भरता भरत नाहीत. आणि पगारपत्रकं फेकू नका.

आमच्या भागात शाखा सुरू करायची आहे.

आधी पाच-सात माणसं जमवा, त्यात निदान दोन महिला असाव्यात. आठवड्याचा एक वार आणि एक जागा ठरवा, आणि कोणी आलं नाही तरी तिथे दोन तास बसा. वहीत प्रत्येकाचं नाव, कंपनी, पीपीओ क्रमांक, पेन्शनची रक्कम आणि अडचण लिहा. पीपीओ आणि आधारच्या प्रती व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू देऊ नका, फसवणूक करणारे त्याचीच वाट पाहत असतात. पहिल्या महिन्यातलं एखादं अडलेलं प्रकरण घेऊन महिन्याच्या २७ तारखेला फंड ऑफिसच्या 'निधी आपके निकट' शिबिराला जा, आम्ही सोबत येऊ. शाखेचं नाव, फलक, उद्घाटन यांचा विचार त्यानंतर करू.